वैद्यनाथाचे दानपत्र

जबलपूरहून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर नर्मदा एका अरुंद घळीत शिरते. त्याआधी धुवांधार येथे तिचे पाणी कड्यावरून असे कोसळते, की तुषारांचा धूर उठल्याचा भास व्हावा. आणि पुढे दोन्ही बाजूंना संगमरवरी कडे उभे राहिले, म्हणजे तीच नदी इतकी शांत होते, की नावाड्याच्या वल्ह्याचा आवाज स्पष्ट ऐकू यावा. चांदण्या रात्री हे कडे पाहण्यासाठी दूरदूरची माणसे भेडाघाटाला येतात आणि परतताना शंखजिऱ्याच्या मऊ दगडात कोरलेली एखादी मूर्ती, एखादी डबी घेऊन जातात.

मूर्ती घेणाऱ्याचे लक्ष ती कोरणाऱ्या हाताकडे सहसा जात नाही. मांडी घालून, मान वाकवून, वर्षानुवर्षे छिन्नी चालविणाऱ्या माणसाचे मनगट आणि खांदे दुखू लागतात. प्रवाहाविरुद्ध वल्हे मारणाऱ्याची पाठ धरते. जबलपूरच्या वस्त्यांतून मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायांची मान आणि कंबर आखडते. या दुखण्यांनी माणूस मरत नाही, आणि म्हणूनच ती कोणाच्या हिशेबात धरली जात नाहीत. त्यांवर उपाय नाही असेही नाही. शेक, मर्दन, व्यायाम, काही दिवसांची विश्रांती, जाणकाराचा सल्ला, हे सारे उपाय माणसाला ठाऊक आहेत. परंतु ते सावकाश गुण देतात, पुन्हा पुन्हा करावे लागतात आणि रोजच्या मजुरीतला वेळ मागतात. याउलट वेदना तात्काळ बधिर करणारी गोळी स्वस्त असते आणि क्षणात गिळता येते. या दोहोंपैकी दुखणाऱ्याच्या वाट्याला काय येणार, हे केवळ वैद्याच्या ज्ञानावर ठरत नाही. उपायाचा खर्च कोणी उचलला आहे, यावर ते ठरते. आरोग्यविम्याच्या चर्चेत हा प्रश्न आज जगभर निघतो. भेडाघाटाच्या इतिहासाला मात्र तो अगदीच नवा नाही.

नर्मदेच्या या घाटावर कलचुरींचे राज्य होते. त्यांची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर, येथून जवळच आहे. कलचुरी संवत ९०७, म्हणजे इसवी सन ११५५ मध्ये, राजा नरसिंह गादीवर असताना त्याची आई आल्हणदेवी हिने भेडाघाट येथे एक शिवमंदिर बांधविले. आल्हणदेवी ही गयाकर्ण राजाची विधवा राणी; मेवाडच्या गुहिल कुळात जन्मलेली आणि आईकडून माळव्याच्या परमारांची नात लागणारी. तिने नुसते मंदिर बांधून समाधान मानले नाही. मंदिराला जोडून मठ उभा केला, शास्त्रांच्या अध्यापनासाठी व्याख्यानशाळा बांधली, बागा लावल्या आणि या साऱ्याच्या निर्वाहासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून दिले. व्यवस्था रुद्रराशी नावाच्या पाशुपत आचार्याकडे सोपविली. शशिधर नावाच्या कवीने रचलेल्या प्रशस्तीत हा सारा तपशील दगडावर कोरलेला आहे. आणि ज्या देवासाठी ही गावे दिली, त्याचे नाव तिथे ‘वैद्यनाथ’ असे आहे.

वैद्यांचा नाथ, म्हणजे रोग हरण करणारा शिव. या नावावरून भेडाघाटाला त्या काळी रुग्णालय होते, असे अनुमान काढणे योग्य होणार नाही. शिलालेखात तसा उल्लेख नाही. परंतु दुसरी एक गोष्ट त्यात आहे, आणि ती तितकीच महत्त्वाची आहे. सत्कार्य टिकावे अशी इच्छा असेल, तर त्याच्या नावाने कायमचे उत्पन्न लावून द्यावे लागते, ते कशासाठी खर्चावयाचे हे लिहून ठेवावे लागते आणि त्याचा हिशेब कोणी राखावयाचा हेही नेमावे लागते, ही जाण त्यात आहे. कोरलेला दगड हे त्या काळचे नोंदणीपत्र होते.

भेडाघाटाच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. त्याचे आवार वर्तुळाकार असून भिंतीलगत ८१ कोनाड्यांतून देवतांच्या मूर्ती मांडल्या आहेत. कलचुरींच्या काळात डाहल देशात, म्हणजे याच प्रदेशात, शैव आचार्यांचा एक थोर मठ होता. त्याला ‘गोलकी मठ’ म्हणत. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी नागपुरास राहून कलचुरींच्या लेखांचा जन्मभर अभ्यास केला आणि १९५५ मध्ये त्या लेखांचा बृहत् संग्रह प्रसिद्ध केला. गोलकी हे नाव भेडाघाटाच्या या गोल मंदिरावरून पडले असावे, असे त्यांचे मत होते. सर्वच विद्वानांना ते मान्य झालेले नाही. रेवा भागातील गुर्गीकडे बोट दाखविणारेही आहेत. मात्र मठाची मुळे डाहल देशात होती, याविषयी वाद नाही.

या मठाची शाखा पुढे दक्षिणेत आंध्र देशी गेली. तेथे काकतीय राणी रुद्रमादेवी हिने १२६१ मध्ये गोलकी परंपरेतील विश्वेश्वरशंभू या आचार्याला कृष्णाकाठचे मंदडम हे गाव दान दिले. मलकापुरम येथील शिलास्तंभावर त्या दानाचा विनियोग कोरलेला आहे. गावाच्या उत्पन्नाचे तीन भाग करावयाचे : एक देवासाठी, दुसरा मठासाठी आणि विद्यार्थ्यांसाठी, आणि तिसरा प्रसूतिशाळा, आरोग्यशाळा व अन्नसत्र यांसाठी. नर्मदातीरावर रुजलेल्या परंपरेने कृष्णातीरी जाऊन आजाऱ्याच्या नावाने उत्पन्नाचा निश्चित हिस्सा लिहून ठेवावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आजारी माणसाने त्या दारात यावे ते याचक म्हणून नव्हे. त्याच्यासाठी तरतूद आधीच झालेली असे. विमा या शब्दाचा जन्म होण्यापूर्वी विम्याच्या कल्पनेचे जे बीज होते, ते हेच.

अशा संस्था राज्यांबरोबर उभ्या राहिल्या आणि राज्यांबरोबर मोडल्या. सामान्य माणसाजवळ मग उरले ते घरातले औषध. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाच्या पानांचे पोटीस, तिळाच्या तेलाचे मर्दन हे त्यातले निरुपद्रवी भाग. त्याच कपाटात आणखी एक वस्तू असे : अफू. माळव्यात ती पिके, सरकारी नियंत्रणाखाली विकली जाई आणि परवान्याच्या दुकानांतून कोणालाही थोड्या प्रमाणात विकत मिळे. ब्रिटनच्या पार्लमेंटात या व्यापाराविरुद्ध फार ओरड झाली, तेव्हा १८९३ मध्ये एक शाही आयोग नेमण्यात आला. त्याने १८९५ मध्ये दिलेल्या निर्णयात अफूचा बचावच केला. आणि त्यासाठी जी कारणे पुढे केली, त्यांत हे एक होते, की ज्या देशात डॉक्टर दूर आणि महाग आहे, तेथे अफू हे लोकांचे घरगुती औषध आहे. अंगदुखीवर, खोकल्यावर, जुलाबावर, थकव्यावर तेच एक. या युक्तिवादात सत्याचा अंश होता, पण तो सरकारच्या बाजूचा नव्हता. उपचाराची तरतूद नव्हती म्हणून अफू खपत होती. आणि तिच्या विक्रीवर तिजोरी भरत होती.

तरतूद नसली म्हणजे अफू तिची जागा कशी घेते, याचे याहून हृदयद्रावक उदाहरण मुंबईच्या गिरणगावाने पाहिले. गिरणीत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या आया आपल्या तान्ह्या मुलांना घरी निजवून ठेवण्यासाठी ‘बाळागोळी’ देत, आणि त्या गोळीत अफू असे. १९२० नंतरच्या दशकात गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ही प्रथा घरोघर असल्याचे आढळून आले. त्या आयांना उपदेश करणारे पुष्कळ होते. परंतु बाळंतपणात पगार बुडणार नाही, अशी सोय करणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रथम झाला. जबलपूर ज्या मध्य प्रांतात मोडत होते, तेथे तो पुढच्याच वर्षी आला. मूल जवळ घेऊन काही आठवडे घरी राहण्याचे पैसे मिळणे, हा अफूला दिलेला पहिला खरा पर्याय होता.

पाश्चात्त्य देशांत हीच वाट थोडी आधी चोखाळली गेली होती. बिस्मार्कच्या जर्मनीत १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये तो १९११ मध्ये आला. याच सुमारास अफूवाचून वेदना कमी करण्याची साधनेही विज्ञानाने माणसाच्या हाती दिली. १८८४ मध्ये डोळ्याच्या शस्त्रक्रियेत स्थानिक बधिरीकरणाचा यशस्वी प्रयोग झाला. १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आले. अवयव हलवून, चोळून, शेकून त्याची शक्ती परत आणण्याच्या विद्येला महायुद्धांतील जखमींमुळे शास्त्राचे रूप आले. आपल्याकडे ही भौतिकोपचाराची विद्या १९५२-५३ च्या सुमारास, मुंबईत पोलिओची साथ आल्यानंतर, केईएम रुग्णालयात रीतसर शिकविली जाऊ लागली. साधने होती, प्रश्न राहिला तो खर्चाचा.

त्याचे उत्तर शोधण्याचे काम १९४३ च्या मार्च महिन्यात हिंदुस्थान सरकारने प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविले. त्याच्या काही महिने आधी इंग्लंडात बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल गाजला होता. म्हणून आडारकरांना ‘छोटे बेव्हरिज’ म्हटले जाई. १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. मालक, कामगार आणि सरकार यांनी मिळून निधी उभारावा आणि त्यातून औद्योगिक कामगाराला आजारपणात आधार मिळावा, अशी ती योजना होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूर येथे योजनेचे उद्घाटन केले. कानपूर आणि दिल्ली मिळून सुमारे १,२०,००० कामगार तीत प्रथम आले. १९५४ मध्ये ती नागपूरला आणि मुंबईला पोहोचली.

वेदनेच्या दृष्टीने या योजनेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. रुग्णालयात खाटेवर पडलेल्यालाच नव्हे, तर दवाखान्यात चालत येणाऱ्यालाही तीत उपचार होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आजारपणात बुडालेल्या मजुरीचा काही भाग रोख मिळण्याची सोय होती. पाठीच्या दुखण्यावर विश्रांती हे अनेकदा पहिले औषध असते, आणि गरिबाला तेच सर्वांत महाग पडते. विश्रांतीचे पैसे देणारा विमा हा अफूवाचून होणाऱ्या वेदनोपचाराचाच विमा होय, मग कायद्यात तसा शब्द असो वा नसो.

पण या दानपत्राची सीमाही दगडावरच कोरलेली होती. प्रारंभी यंत्रशक्तीवर चालणारा आणि २० किंवा अधिक माणसे असलेला कारखानाच त्याच्या कक्षेत आला. भेडाघाटाचा मूर्तिकार आपल्या घराच्या ओसरीवर काम करतो. नावाड्याला कारखाना नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जबलपूर हे विड्यांच्या धंद्याचे मोठे केंद्र बनले, पण त्या धंद्याची घडीच अशी, की तेंदूची पाने आणि तंबाखू घरी न्यावी आणि वळलेल्या विड्या मोजून द्याव्या. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि १९७६ मध्ये कल्याणनिधी निघाला. विड्यांवरील उपकरातून या निधीत पैसा येई आणि त्यातून दवाखाने चालत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तो उपकरच बंद झाला, आणि दवाखान्यांचा भार सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकावर आला. ज्या गावाचे उत्पन्न देवाला लावून दिले होते, ते गावच खालसा व्हावे, तशातला हा प्रकार.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत योजना सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचाराचे संरक्षण देणारी ही योजना असंघटितांपर्यंत पोहोचली, हे तिचे मोठेपण नि:संशय आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चाने घर विकावे लागण्याची पाळी तिने अनेकांवरची टाळली. परंतु तिचे संरक्षण मुख्यत: रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते. मनगट दुखणारा मूर्तिकार दाखल होत नाही. त्याला हवे असतात आठवड्यातून दोन वेळा करावयाचे व्यायाम, बसण्याची पद्धत बदलण्याचा सल्ला आणि चार दिवसांची सुटी. यांपैकी कशाचेच देयक रुग्णालयाच्या खाटेवर तयार होत नाही. सांधा पार झिजून शस्त्रक्रियेची वेळ आली, म्हणजे विमा त्याला भेटतो. सांधा झिजत असताना नाही.

या त्रुटीची किंमत काय होऊ शकते, हे पाहावयाचे तर एका दूरच्या देशाकडे वळावे लागते; आणि योगायोग असा, की भेडाघाटाचा दगड तेथे आधीच जाऊन पोहोचला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या प्रदेशात शिक्षणखात्यावर असलेल्या फिट्झएडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन संस्कृत पंडिताने आल्हणदेवीचा शिलालेख वाचून प्रसिद्ध केला, आणि तो मूळ दगड अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेला. त्याच कनेक्टिकट राज्यात ठाणे असलेल्या पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये अफूवर्गातील एक वेदनाशामक गोळी मोठ्या गाजावाजाने बाजारात आणली.

अमेरिकेत त्यापूर्वी वेगळी वाट रुजत होती. जॉन बोनिका या डॉक्टरने सिअ‍ॅटल येथे १९६० च्या सुमारास डॉक्टर, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून जुनाट वेदनेचा विचार करावा, अशी चिकित्सालये सुरू करण्याची दिशा दाखविली. परंतु शतकाच्या अखेरीस विमा कंपन्यांनी अशा दीर्घ उपचारांचे पैसे देण्याबाबत हात आखडता घेतला. गोळीचे पैसे मात्र मिळत राहिले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रोग्यांना सवय लागली, आणि पुढे सवयीचे व्यसन झाल्यावर चोरट्या बाजारातील हेरॉइन आणि फेंटॅनिल यांनी त्यांना गाठले. २०२२ या एका वर्षात त्या देशात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिसेवनाने ८०,००० हून अधिक माणसे मेली. दोषारोपांचे खटले झाले, कंपनीने गुन्ह्याची कबुली दिली. पण विम्याच्या यादीत काय होते आणि काय नव्हते, हा दोष कोणा एका आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करता येण्यासारखा नव्हता.

मग दुरुस्ती सुरू झाली, ती याच यादीपासून. वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्याने २०२० च्या जानेवारीपासून कंबरेच्या जुनाट दुखण्यासाठी सूचिवेधनाचा, म्हणजे ॲक्युपंक्चरचा, खर्च मान्य केला. २०२२ च्या अखेरीस झालेल्या एका कायद्याने शस्त्रक्रियेनंतर अफूवाचून वेदना शमविणाऱ्या मान्य औषधांचे आणि साधनांचे पैसे स्वतंत्रपणे देण्याचे ठरले. १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. आधी अशा औषधाची किंमत शस्त्रक्रियेच्या एकत्रित रकमेतच धरली जाई. रुग्णालयाने महाग पण निर्धोक औषध वापरले, तर तोटा त्याचा. स्वस्त अफूवर्गीय औषध दिले, तर बचत त्याची. कोणाच्याही मनात कपट नसताना हिशेबाची वहीच माणसाला अफूकडे ढकलीत होती. त्याच महिन्यात, ३० जानेवारी २०२५ रोजी, सुझेट्रिजिन या अगदी नव्या वर्गातील, अफूशी संबंध नसलेल्या वेदनाशामकाला अमेरिकन सरकारने मान्यता दिली.

भारताची गोष्ट निराळी आहे, हे खरे. येथे परवान्याच्या दुकानांतील अफूविक्री स्वातंत्र्यानंतर क्रमाक्रमाने बंद करण्यात आली, आणि १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याची कलमे इतकी कडक होती, की कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रोग्यालाही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. ज्या मध्य प्रदेशात मंदसौर आणि नीमच येथे सरकारी परवान्याने अफू पिकते, त्याच प्रदेशातला मरणोन्मुख रोगी तिच्या एका थेंबावाचून तळमळे. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही अडचण काहीशी सैल झाली. म्हणजे अफूचा सरसकट निषेध हाही उपाय नव्हे. जिथे तीच हवी, तिथे ती मिळावी. आणि जिथे शेक, व्यायाम आणि विश्रांती यांनी भागते, तिथे त्यांचा खर्च कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला असावा. असे न करता नुसती अफू रोखली, तर वेदना कमी होत नाही. ती फक्त मुकाट्याने सोसली जाते.

जबलपूरला १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. आल्हणदेवीच्या शिलालेखाला त्या वर्षी बरोबर ८०० वर्षे झाली, आणि त्याच साली मिराशींचा ग्रंथही निघाला. भेडाघाटाच्या मूर्तिकाराला आज तज्ज्ञ डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे. जे आल्हणदेवीच्या काळी कोणाला ठाऊक नव्हते, ते ज्ञान त्या डॉक्टरजवळ आहे. अभाव आहे तो दानपत्रातल्या एका ओळीचा. राणीने आपल्या दगडावर गावांची नावे लिहिली, मठाची व्यवस्था लिहिली, कोणाच्या हाती कारभार हे लिहिले. जे लिहिले तेवढे तिच्या मागे चालले. आजच्या राज्याचे दानपत्र म्हणजे त्याचा कायदा आणि त्याची विम्याची यादी. त्या यादीत शस्त्रक्रियेची कलमे शेकडो आहेत. दुखऱ्या मनगटाला दिलेली चार दिवसांची विश्रांती आणि दहा वेळांचा व्यायाम यांना तीत जागा मिळेल, त्या दिवशी नर्मदेच्या काठी वैद्यनाथ हे नाव पुन्हा अर्थपूर्ण होईल.